टेंबलाईचं पाणी आणि तुळशीची माळ

माळ घातली त्या वर्षी मी त्रेचाळीस वर्षांची होते. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत, माउलींच्या समाधीला लावून आणलेली तुळशीची माळ एका वृद्ध महाराजांनी माझ्या गळ्यात घातली. मांस-मच्छी खायची नाही, एकादशी मोडायची नाही, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षातून एकदा पंढरीची वारी करायची. इतकंच. परतीच्या एसटीत मी सारखी गळ्याशी हात नेऊन मणी चाचपत होते. आपल्याला कुणीतरी आपलं म्हटलंय, असं वाटत होतं. घरी सांगायचं कसं, हा विचार कराड ओलांडल्यावर मनात आला.

घरी मी फक्त 'आळंदीला जाऊन येते' एवढंच सांगितलं होतं. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी आम्ही पाच-सहा जणी हरिपाठ म्हणायचो. त्या बायकांबरोबर मी निघाले, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. सहा वर्षं मी त्या मंदिरात जात होते आणि सहा वर्षं घरच्यांना तो माझा संध्याकाळचा विरंगुळा वाटत होता. मीही त्यांना वाटू दिलं. आता मागे वळून बघताना कळतं की पहिली चूक तिथे झाली. जे आपल्याला प्राणाहून प्यारं होत चाललंय, ते मी घरच्यांपासून पदराखाली झाकून ठेवलं आणि एक दिवस एकदम गळ्यात घालून समोर उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

कोल्हापूरच्या घरातला रविवार ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आमच्याकडे रविवारी मटणाचं सगळं आत्या करतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तीळ, खोबरं, कांदा भाजून वाटण त्या स्वतः करतात, मिक्सरचं त्यांना पटत नाही. पण एक काम वीस वर्षं माझं होतं. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी केलं, तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या जिभेवर भरवसा राहिला नव्हता. रश्शाला उकळी फुटली की त्या पळीभर रस्सा वाटीत काढून माझ्यासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बघ गं."

त्या रविवारीही त्यांनी वाटी धरली. मी गळ्याकडे हात नेला आणि सांगितलं, "आत्या, मी माळ घातलीय."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांची नजर माळेवर गेली. आणि त्याच वेळी मी जे केलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. वाटीतून वाफ येत होती आणि मी पदर नाकाला लावला. ठरवून नव्हे. आदल्याच दिवशी मन इतकं सोवळं झालेलं होतं की हात आपोआप गेला. ज्या वाटीतनं मी वीस वर्षं चाखत आले होते, तिच्यासमोर.

आत्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "व्हय. आमच्या हातचं आता चालायचं न्हाई तुला."

मी खूप समजावलं. तुमच्या हातची भाकरी चालते, आमटी चालते, सगळं चालतं, फक्त एवढं एक नाही. पण शब्दांनी सांगितलेलं आणि पदरानं सांगितलेलं यांत माणूस कुठलं खरं धरतो?

पुढचे महिने माझ्या संसारातले सगळ्यात एकटे महिने होते. भांडण कुणीच केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आत्या म्हणायच्या, "तू जा बाहेर. तुझी माळ बाटंल." त्यात राग होता, मानही होता, आणि दोन्ही असे एकात एक मिसळलेले की मला उत्तर देता येत नसे. मीठ बघायचं काम जाऊबाईंकडे गेलं.

यांनी एका रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुमचा काय संबंध?" त्यावर हे काही बोलले नाहीत, पण मला जाणवलं की 'तुमचा काय संबंध' हेच त्यांना लागलं. माझ्या बहिणीला वाटलं, मला कुणीतरी नादी लावलं. एका नातेवाईक बाईंनी हळूच विचारलं, रिपोर्ट वगैरे काही वाईट आलेत का. मुलगा बारावीत होता, त्याला मित्रांसमोर अवघडल्यासारखं व्हायचं. प्रत्येकजण माझ्यात जखम शोधत होता. बाई चाळिशीत माळ घालते म्हणजे काहीतरी दुःख असणार, नवरा बघत नसणार, आजार असणार. मला कसलंच दुःख नव्हतं हो. मला विठोबा आवडत होता. एवढं साधं कारण होतं आणि नेमकं तेच कुणाला पटत नव्हतं. दुःखापायी देवाकडे गेलेली बाई लोकांना कळते. प्रेमापायी गेलेली कळत नाही.

त्याच दिवसांत मी संत बहिणाबाईंचं आत्मचरित्रपर लेखन वाचलं. या शिऊरच्या बहिणाबाई, खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या. यांचा काळ १६२८ ते १७००. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. अगदी लहानपणी लग्न झालं, नवरा तिशीचा बिजवर, वेदपाठी ब्राह्मण. वाऱ्यावर पडलेलं हे कुटुंब फिरत फिरत आलं ते आमच्या कोल्हापुरात. इथे ते एका ब्राह्मणाच्या घरी राहिले. तिथे गाय व्यायली आणि त्या वासराला या पोरीचा असा लळा लागला की ती कथाकीर्तनाला गेली तरी ते मागोमाग यायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनातही वासरू तिच्याबरोबर बसलं. स्वामींनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. गावभर बोलबाला झाला, तो नवऱ्याच्या कानी गेला, आणि त्यानं तिला बांधून मारलं. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. पुढे वासरू गेलं. ती काही दिवस बेशुद्ध पडली आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. ब्राह्मण बायकोनं शूद्राला गुरू मानावं, हे त्या वेदपाठी नवऱ्याला सहन होण्यापलीकडचं होतं. घर सोडून जायला तो निघाला, तेव्हा ती गर्भार होती. पण जायच्या आधीच तो आजारी पडला. तिनं त्याची सेवा केली. त्या आजारपणात त्याचं मन पालटलं आणि मग तोच तिला घेऊन देहूला तुकोबांच्या पायांशी गेला.

हे सगळं माझ्याच गावात, मी रोज भाजीला जाते त्या गावात घडलं होतं, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण बहिणाबाईंचं चरित्र सांगताना पुष्कळ ठिकाणी ती गाळली जाते किंवा गोड करून सांगितली जाते. मार हा गैरसमज नव्हे. कुणी देवाच्या नावानं मारलं किंवा देवाच्या रागानं मारलं, तरी तो मारच. पतीची सेवा हीच आपली भक्ती, असं बहिणाबाई स्वतःला समजावतात तो भाग मी वाचते, त्यांच्या काळात त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती हे मानते, पण आज माझ्या ओळखीच्या एखाद्या मुलीला मी तो कित्ता देणार नाही. तिला मी आधी माझ्या घरी घेऊन येईन. माझ्या घरात कुणी माझ्यावर हात उगारला नाही. मला जे सोसायचं होतं ते फक्त दुराव्याचं होतं, आणि त्यातला थोडा दुरावा मीच विणलेला होता.

बहिणाबाईंमुळे मला दिसली ती वेगळी गोष्ट. वारकरी परंपरेच्या मंदिराचा पाया ज्ञानदेव आणि कळस तुकोबा, हे रूपक आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे ते त्यांच्या नावावर आहे. इतकं सोसलेल्या बाईला कळस दिसला आणि पायाही दिसला. ज्यांनी छळलं त्यांच्याविरुद्ध ती मनात भिंती बांधत बसली नाही. माझ्या मनात तेव्हा नुसत्या भिंती होत्या. रोज हरिपाठ म्हणताना निम्मं लक्ष विठोबाकडे आणि निम्मं 'यांना कधी कळणार' याकडे असायचं.

त्यात आषाढ आला.

आषाढ हा वारीचा महिना हे महाराष्ट्राला माहीत आहे. कोल्हापुरात आषाढ हा टेंबलाईचाही, म्हणजे त्र्यंबोली देवीचाही महिना आहे. पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून, तालमीतालमीतून बायका आणि मुली कलशात ते पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या टेकडीवर जातात आणि देवीच्या पायऱ्यांवर ओततात. पुढे 'पी ढबाक' हे वाद्य वाजत असतं. मग नैवेद्य होतो, गल्लीत मटणाच्या पंगती उठतात. आमच्या गल्लीचं पाणी एका शुक्रवारी ठरलं. आत्या गेली कित्येक वर्षं त्या पाण्याच्या मानकरी. आणि त्या शुक्रवारी मी वारीत असणार होते.

आत्या म्हणाल्या, "एवढा शुक्रवार कर आणि मग जा. पाण्याला घरची सून पायजे."

सांगता आलं असतं. आत्या, पालखी माझ्यासाठी थांबत नाही, आणि हे पहिलं वर्ष आहे, दिलेला शब्द मोडवत नाही, माझी अडचण समजून घ्या, असं हात धरून सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मला विठोबानं बोलावलंय."

त्यावर त्या एवढंच बोलल्या, "मग आमची टेंबलाई बारकी झाली तुला."

मी गेले. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालले. दिवेघाटात पाऊस लागला, नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान बघितलं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघितलं. जाण्याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही, आजही होत नाही. दिलेला शब्द पाळायला हवाच होता. पण शुक्रवारी दुपारी मुक्कामावरून मुलाला फोन केला तेव्हा पलीकडे बँड वाजत होता. मी विचारलं, "आजीचं पाणी कसं झालं?" तो म्हणाला, "झालं की. आजीनं स्वतः कलश घेतला डोक्यावर. चढताना दम लागला तिला." फोन ठेवला. तंबूत माझ्या शेजारी परभणीकडची एक म्हातारी पायाला तेल चोळत होती. तिनं मला विचारलं नाही काय झालं म्हणून. तिनं तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली.

वारीतल्या एका कीर्तनात त्या संध्याकाळी आवलीची गोष्ट निघाली. तुकोबांची दुसरी बायको जिजाई, तिलाच आवली म्हणतात. भंडारा डोंगरावर तुकोबा नामात दंग, आणि ही भाकरी बांधून, विठोबाला शिव्या देत डोंगर चढतेय, पायात काटा मोडतो, आणि तो काढायला विठोबा येतो. कीर्तनकार तिच्या शिव्यांची नक्कल करत होते, मंडप हसत होता. मला हसू येईना. आवली पुण्याच्या सावकाराची लेक. तिनं सासरी येऊन काय बघितलं? १६३० चा दुष्काळ बघितला, सवत अन्नावाचून गेलेली बघितली, धंदा बुडालेला बघितला, आणि वसूल करता आली असती अशी कर्जाची खतं नवऱ्यानं इंद्रायणीत सोडलेली बघितली. तिच्या पोरांना रात्री जेवायला लागत होतं. तिला तुकोबा कळले नसतील. पण तिला कळले नाहीत म्हणून ती त्यांना सोडून गेली नाही. शिव्या देत देत ती रोज डोंगर चढली, आणि फडक्यात बांधलेली भाकरी तिच्या हातची होती. तुकोबा तिच्या भाकरीवर जगले.

दम खात कलश घेऊन टेंबलाईची टेकडी चढणाऱ्या आत्या त्या क्षणी मला दिसल्या. आपल्या सुनेची भक्ती जिला कळली नाही असं मी सात महिने समजत होते, ती बाईही एका देवीला दिलेला शब्द पाळायला टेकडी चढत होती, आणि तिथे तिच्याबरोबर मी नव्हते. मी तिला समजून घेतलं होतं का? गैरसमज झाला तो माझ्याविषयीच झाला, हे मी कुठल्या आधारानं धरून बसले होते?

पंढरपुरात एकादशीला कळसाचं दर्शन घेतलं. पदस्पर्शाची रांग फार लांब होती, आणि मला घरी जायची घाई झाली होती.

घरी आल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. आत्या बोलेनात. मी प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का त्यांच्यासमोर ठेवला, त्यांनी बुक्का कपाळाला लावला, चुरमुरे नातवाला दिले. श्रावण गेला, भाद्रपद गेला. रविवारी मी बाहेरच्या खोलीत बसायची.

आमच्या टेंबलाईची एक कथा कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असते. दैत्यानं सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं, तेव्हा त्र्यंबोलीनं त्यांना सोडवलं. आणि मग विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली. गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दर वर्षी नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी वाजतगाजत त्या टेकडीवर जाते. गावची मालकीण स्वतः उठून रुसलेल्या बहिणीच्या भेटीला जाते, तिथे कोहळा फोडतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या वर्षी पहिल्यांदा मला त्यातली चूक कुणाची ते ऐकू आलं. बोलवायचं राहिलं, ही चूक होती.

ललिता पंचमीच्या सकाळी मी आत्यांना म्हणाले, "चला, टेंबलाईला जाऊ."

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. "तुला चालतं?"

"चालतं म्हणजे काय आत्या? ती आपल्या घरची आहे."

गर्दी फार होती. पायऱ्यांवर मी त्यांचा दंड धरला होता. अर्ध्यावर त्या दम खायला बसल्या, मी शेजारी बसले आणि तिथे, आजूबाजूनं लोक चढत-उतरत असताना, एकदाचं बोलले. म्हणाले, "त्या दिवशी मी पदर नाकाला लावला, ते चुकलं माझं. तुमच्या हातच्या वासाला नाही लावला. पण लावला, ते खरं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं, आता तू आमची न्हाईस." आणि थोड्या वेळानं, "माळ काढू नगंस. घातलीस ती घातलीस. पण मला इचारायचं तरी होतंस गं. मी काय न्हाई म्हणलो असतो?"

म्हणाल्या असत्या. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण त्यावर आम्ही दोघीही गप्प राहिलो आणि उठून चढायला लागलो.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आत्यांना माझी माळ पटलेली नाही. पाहुण्यांसमोर त्या आजही म्हणतात, "आमच्या सुनंला इठ्ठलाचं याड." मी दर वर्षी वारीला जाते, आणि टेंबलाईचं पाणी वारीच्या आड येऊ नये म्हणून गल्लीतल्या बायकांना गाठून एकादशीनंतरचा मंगळवार किंवा शुक्रवार मागून घेते. बहुतेक वर्षी मिळतो. कलश मी घेते. पंगतीत बसत नाही, वाढते. काही माळकरी मंडळींना माझं हे वाढणं खटकतं. एकदा मी माळ घालणाऱ्या त्या महाराजांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या ताटात काय आहे ते तू सांभाळ. दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंस ते तुझ्या मनाला विचार." मी मनाला विचारलं आहे. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. समजून न घेतलं गेल्याची मला आता पहिल्यासारखी धास्ती वाटत नाही.

गेल्या महिन्यात, एका रविवारी, ओट्यावरचा डबा काढताना माझी माळ कशात तरी अडकली आणि तुटली. मणी स्वयंपाकघरभर उडाले. माळ तुटली की पुन्हा ओवून गळ्यात घालेपर्यंत माळकरी अन्न घेत नाही. मी खाली बसून मणी गोळा करायला लागले. रस्सा शिजून तयार होता, हे आणि मुलगा जेवायला बसायच्या बेतात होते, मी म्हटलं, तुम्ही सगळे जेवून घ्या, मला वेळ लागेल. थोड्या वेळानं मान वर केली तर ताटं तशीच पालथी. आत्या गॅसच्या सिलिंडरमागे मोबाईलचा टॉर्च पाडत वाकल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दोन्ही गेलेले.

"आत्या, तुम्ही जेवा की."

"एकशे आठ असत्यात न्हवं?"

"हो."

"किती घावले?"

मी ताटलीत मोजले. एकशे सात.

पिठाच्या डब्यापाशी त्या चक्क फरशीवर पालथ्या झाल्या, हात आत घातला, आणि एक मणी धुळीसकट बाहेर काढला. उठून नळाखाली आधी स्वतःचे हात साबणानं धुतले, दोनदा, मग मणी धुतला, पदराला पुसला आणि माझ्या ताटलीत ठेवला. चष्मा लावला. सुईत दोरा ओवायला मला दिला, कारण त्यांना दिसत नाही.

"ओव लवकर," त्या म्हणाल्या. "मी पण जेवलो न्हाई."